उमेदवारीचे खाते
(उत्सव मंडळांच्या खजिनदारांस खुले पत्र)

सार्वजनिक उत्सव मंडळांचे सन्माननीय खजिनदार महाशय यांस,



अध्यक्षांना पत्रे पुष्कळ येतात, कार्यवाहांना त्याहून अधिक येतात, आणि आरतीच्या मानासाठी पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्या तर दोघांनाही येतात; परंतु मंडपाच्या मागल्या अंगास, पडद्याआड, पत्र्याच्या पेटीवर कोपर टेकून पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती मोजीत बसलेल्या आपणांस मंडपवाल्याच्या आणि फुलवाल्याच्या बिलांखेरीज कोणी काही लिहीत असेल, असे मला वाटत नाही. उत्सवात काय व्हावे हे अध्यक्ष व्यासपीठावरून बोलतात. काय होणार हे आपली पेटी ठरविते. सबब, ज्या विषयाचा निर्णय पेटीपाशीच व्हावयाचा आहे त्याचा अर्ज थेट पेटीच्या धन्याकडे करावा, या जुन्या कचेरीच्या शिरस्त्यास अनुसरून हे पत्र मी आपणांस लिहीत आहे.

विषय तरुण पोरांच्या पोटापाण्याचा आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले, की गावोगाव करिअर मार्गदर्शनाची शिबिरे भरतात. एखाद्या मंगल कार्यालयात खुर्च्या मांडल्या जातात, पडद्यावर रंगीत चित्रे उमटतात, आणि टाय बांधलेले एक गृहस्थ दीड तासात साठ-सत्तर व्यवसायांची नावे सांगून मोकळे होतात. नातवंडांच्या निमित्ताने अशी तीन-चार शिबिरे मी ऐकली. वक्त्यांच्या विद्वत्तेविषयी मला यत्किंचितही शंका नाही. परंतु शिबिर आटोपून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यांवर, बाजारात भाव विचारून काही न घेता परतणाऱ्या माणसाची जी कळा असते, तीच मला दिसली. आपल्याला काय करता येते याची कल्पना माणसास येते ती कोणीतरी विश्वासाने एखादे काम त्याच्या अंगावर टाकले, ते ओळखीच्या चार माणसांदेखत ठरल्या तिथीस पुरे करावे लागले, आणि ते बिघडले तर बोलणी कोणाला बसणार हे आधीपासून ठाऊक असले, म्हणजे. असे काम मिळण्याची जागा आमच्या लहानपणी गल्लीचा उत्सव ही होती, आणि त्या कामास आम्ही उमेदवारी म्हणत होतो.

या शब्दाची आपल्या काळाने मोठी आबाळ केली आहे. उमेद बाळगणारा तो उमेदवार. कचेरीत, छापखान्यात, नाटक कंपनीत, सोनाराच्या पेढीवर पगाराची बोली न करता जो पोरगा रुजू होई, दौती भरी, खिळे जुळवी, पडदे ओढी, आणि आज ना उद्या आपले नाव पटावर चढेल या आशेने धन्याच्या हाताकडे डोळे लावून बसे, तो उमेदवार. आता हा शब्द उच्चारला की लोकांना मतपेटी आठवते.

माझीच हकिकत सांगतो. मी मिरजेचा. 1968 सालच्या गणेशोत्सवात मी सोळा वर्षांचा होतो, आणि आमच्या गल्लीच्या मेळ्यात गावे अशी माझी उत्कट इच्छा होती. मंडळाचे खजिनदार तात्या हे सांगलीच्या हळदीच्या बाजारात एका अडत दुकानावर मुनिमी करीत. रोज सायकलीने जात, सायकलीने येत, आणि त्यांच्या धोतराच्या काठावर हळदीची पिवळी पूड इतकी बसलेली असे की गल्लीतील बायका त्यांना थट्टेने बारमाही नवरदेव म्हणत. मेळ्याच्या तालमीत माझे एक पद ऐकून त्यांनी माझ्यासंबंधी दुहेरी निदान केले : अक्षर बरे, आवाज वाईट. "ज्याला गाता येत नाही त्यानं गाणाऱ्यांचा हिशेब ठेवावा," असे म्हणून त्यांनी माझ्या हाती रोजकीर्द ठेविली. अपमान झाला, यात शंका नाही. परंतु त्या दहा दिवसांत नावे आणि जमा यांतील भेद, तसलमातीची रक्कम परत कशी मागावी, बिदागी आणि मजुरी ही दोन निराळी खाती का, वर्गणी न देणाऱ्या दुकानदारापुढे किती वेळ हसत उभे राहावे, हे सर्व मी शिकलो. आणि ते पुस्तकातून शिकलो असतो तर विसरलोही असतो.

विसर्जनाच्या रात्री गणेश तलावावरून परत आल्यावर, अंगावरचा गुलालही न झाडता, तात्यांनी ताळा घ्यावयास लावले. अकरा रुपयांचा फरक आला. तीन वेळा बेरीज केली, फरक तेवढाच. त्या काळी अकरा रुपये ही काही थोडी रक्कम नव्हती, आणि मला रडू कोसळण्याच्या बेतात होते. तात्या म्हणाले, "पोरा, रुपये हरवलेले नाहीत, लिहायचे राहिलेत. कुणाला दिलेस ते आठव." बऱ्याच वेळाने आठवले : सहाव्या रात्री गाण्याची बैठक उठता उठता तबलजींना पानाच्या तबकातून अकरा रुपये दिले होते, आणि गडबडीत सही घेतली नव्हती. "जा, सही घेऊन ये, मग नीज," इतकेच तात्या बोलले. मी कीर्द काखेत मारून पहाटेच्या अंधारात तबलजींच्या दारी गेलो. आतून आवाज येत होता. सारे गाव मिरवणुकीने थकून नुकते कोठे आडवे झाले होते, आणि हा मनुष्य कंदिलाच्या उजेडात एकच कायदा संथ लयीत पुनःपुन्हा वाजवीत बसला होता. मला पाहून त्यांनी मानेनेच बसावयास खुणावले. थांबले मात्र नाहीत. तासभर मी उंबऱ्यावर बसून होतो. त्यांचे आमच्याकडील काम संपून चार दिवस लोटले होते, बिदागी चुकती झाली होती, पुढची सुपारी कधी येईल याचा भरवसा नव्हता, आणि ऐकणारा म्हणावा तर झोपेने डोळे चुरचुरणारा मी एकटा. शेवटी हात पुसून त्यांनी सही केली, तारीख घातली, पान जरा उजेडाकडे धरून पाहिले, आणि म्हणाले, "ओळ सरळ आहे रे तुझी."

पुढे सरकारी कोषागारात मी चौतीस वर्षे काढली. त्या अवधीत प्रशस्तिपत्रे मिळाली, बढत्या मिळाल्या, एक-दोन वेळा कारणे दाखवा अशी फर्मानेही आली. पण ओळ सरळ आहे, असे मला पुन्हा कोणी म्हटले नाही.

ही माझी लहानशी गोष्ट. परंतु ज्या गावात ती घडली त्या गावाने उत्सव, संगीत आणि उपजीविका यांची जी सांगड घातली आहे, ती आपल्यासारख्या हिशेबी माणसाने एकदा जवळून पाहावी अशी आहे. मिरजेच्या तंतुवाद्यांच्या कारागिरांचे मूळ पुरुष फरीदसाहेब शिकलगार. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार आणि पाणी देणारे. तलवारी म्यानात गेल्या आणि इंग्रजी अमलात त्यांस पाणी देण्याचे प्रयोजन उरले नाही, तेव्हा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पटवर्धन संस्थानिकांच्या पदरच्या गवयांचे तंबोरे दुरुस्त करता करता हा कारागीर स्वतः तंबोरे आणि सतारी घडवू लागला. हात तेच राहिले, कानसही बहुधा तीच राहिली. धार ज्या डोळ्याने पारखावयाची त्याच डोळ्याने घोडीची जवारी पारखू लागला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे येतात, ते महिनोन् महिने वाळतात, दांडी बसते, तबकडी चढते, खुंट्या फिरतात, आणि जवारी काढण्याच्या कामाला मात्र घरातला सर्वांत जुना माणूस बसतो. या वाद्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आनंद आहे. तथापि त्या गल्लीत उमेदवारी करणाऱ्या पोरास खरी परीक्षा मानांकनाची वाटत नाही, उरुसाची वाटते.

कारण ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात, जेथे पहिल्या गलेफाचा मान परंपरेने चर्मकार समाजाचा आहे, त्या दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ गात असत. 1937 साली दक्षिणेत प्रवासात त्यांचा अंत झाला, देह मिरजेस आणून याच आवारात दफन झाला, आणि तेव्हापासून उरुसात त्यांच्या स्मरणाची संगीतसभा भरत आली आहे. तेथे कलावंत कार्यक्रम करीत नाहीत, 'हजेरी लावतात'. हा शब्द कचेरीतला. पण मला तो तेथे फार शोभून दिसतो. नामांकित गवई आणि कालपरवा तालीम सुरू केलेला पोरगा, दोघांचीही हजेरीच लागते. आणि सतारीच्या कारखान्यातला उमेदवार श्रोत्यांत मागे उभा राहून, आपण खरवडलेल्या भोपळ्याचा तंबोरा कोणाच्या पाठीमागे कसा बोलतो आहे, हे कानांत प्राण आणून ऐकत असतो. त्यास कोणी प्रेरणेवर व्याख्यान द्यावयास नको. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही संगीताचा उत्सव होतो, तेथेही हेच. खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म याच गावचा, 1905 सालचा. आणि खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी यांनी आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने पुण्यास 1953 पासून जो महोत्सव चालविला, त्याची वंशावळही शोधू गेल्यास मिरजेच्या वेशीपर्यंत येते.

परंतु सर्वांत विलक्षण कथा विष्णु दिगंबर पलुस्करांची. कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराच्या घरी 1872 साली जन्मलेला हा मुलगा. दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेची दारू चेहऱ्याजवळ उडाली आणि डोळे अधू झाले. शाळेचा मार्ग खुंटला. कीर्तनाने कान तयार झालेला होताच. उपचारांसाठी मिरजेस आलेला हा मुलगा तेथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाताखाली गाणे शिकावयास राहिला. म्हणजे एका उत्सवाने विद्येचे एक दार लावले आणि उत्सवांनीच मुरवलेल्या कानाने दुसरे उघडले. याहून बोधक गोष्ट पुढची. मिरजेतील एका समारंभास विष्णुबुवांना निमंत्रण आले आणि त्यांच्या गुरूंना आले नाही. का, म्हणून विचारता उत्तर मिळाले की ते तर नुसते गवई. ही गोष्ट आख्यायिकेच्या स्वरूपातच सांगितली जाते, तेव्हा तिच्या शब्दाशब्दाची हमी मी घेणार नाही. परंतु 1896 साली मिरज सोडून निघालेल्या या तरुणाने पुढील आयुष्यात जे केले ते 'नुसते गवई' या दोन शब्दांस दिलेले उत्तर म्हणूनच वाचावे लागते. 5 मे 1901 रोजी, गावापासून शेकडो कोस दूर, लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले : शिस्त, अभ्यासक्रम, परीक्षा, फी. 1908 साली मुंबईस शाखा आली. तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, राजाच्या मर्जीऐवजी लोकांच्या वर्गणीवर विद्यालय चालविले, आणि गवई हा एक प्रतिष्ठित व्यवसाय आहे, त्याची पायरीपायरीने तयारी करता येते, हे या देशास रोकडे करून दाखविले. मिरजेतच जन्मलेले विनायकराव पटवर्धन आणि प्रोफेसर देवधर हे दोघेही त्यांच्याच हाताखाली तयार झाले. जाता जाता आपल्या खात्याची एक नोंद : मुंबईच्या विद्यालयाची इमारत पुढे कर्जापायी लिलावात गेली. बुवांना आमच्या तात्यांसारखा एखादा मुनीम लाभला असता तर, हा विचार आपल्या मनात आल्यावाचून राहणार नाही, माझ्याही आला.

पुण्या-मुंबईच्या मेळ्यांविषयी मी विस्तार करीत नाही. 1893 नंतर जे मेळे निघाले त्यांच्या पदांनी सरकारला इतके अस्वस्थ केले की त्यांवर बंधने आली; विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ब्राह्मणेतर चळवळीतील जेधे-जवळकरांच्या छत्रपती मेळ्याने उलट बाजूने असाच धुरळा उडविला; वादाच्या दोन्ही अंगांना जी पोरे गात होती त्यांचे आवाज, शब्दफेक आणि सभाधीटपणा मात्र एकाच शाळेत तयार होत होता. आंबेडकरी जलशांनी तर ज्यांना कोणतेच व्यासपीठ नव्हते त्यांना व्यासपीठ दिले आणि शाहिरांची मालिका उभी केली. फार अलीकडचे म्हणाल तर लक्ष्मीकांत बेर्डे यांना अभिनयाची गोडी लागली ती गिरगावच्या गणेशोत्सवातील रंगमंचावर. पुण्यातील ढोल-ताशांच्या पथकांत आज महाविद्यालयीन मुले-मुली पावसाळाभर सराव करतात, पान ताणतात, हात बसवितात, उशिरा आल्यास दंड भरतात. त्या गजराची मला व्यक्तिशः हौस नाही, पण त्या हजेरीपटाविषयी मला आदर आहे.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या भागात सध्या उत्सवाचा सर्वांत मोठा आकडा डॉल्बीच्या नावे पडतो. तिच्या आवाजासंबंधी न्यायालये बोलली आहेत, वैद्य बोलले आहेत, रात्री दहाचा नियम 2000 सालापासून कागदावर आहे. मी आणखी बोलणार नाही. माझी तक्रार कारकुनाची आहे. ज्या रकमेत पूर्वी वीस-बावीस माणसांचा बँड, एक हलगी-घुमक्याचा ताफा, झांजपथकातली तीस पोरे आणि एक रात्र गाण्याची बैठक एवढा कबिला निघत असे, ती सर्व रक्कम आता एका ट्रकवर चढते. त्या ट्रकवरही उमेदवार आहेतच, हे न्यायाने सांगितले पाहिजे. आमच्या गल्लीतला एक मुलगा जनरेटरपाशी बसून वायरी जोडावयास शिकला, आणि आज पंपाच्या मोटारी भरण्याचे त्याचे दुकान उत्तम चालते. पण ट्रकवर उमेदवारीच्या जागा तीन किंवा चार. बँडमध्ये क्लॅरिनेटवाल्या मास्तरांच्या मागे झांजा वाजविणारे पोरगे पुढल्या वर्षी ताशावर येई, त्याच्या पुढल्या वर्षी पितळी वाद्याला तोंड लावी, आणि लग्नसराईत घरी चार पैसे नेई. ही शिडी होती. खर्चाचा आकडा वाढला आणि शिडीच्या पायऱ्या गेल्या, असा हा ताळेबंद आहे, आणि तो आपल्या सहीने दरवर्षी मंजूर होतो.

उत्सव मुका करा, असे मी म्हणत नाही. डॉल्बी बंद करण्याचा अधिकार आपला नव्हे, हेही मला ठाऊक आहे. माझी विनंती फार लहान आणि निव्वळ आपल्या अखत्यारातली आहे. खतावणीत एक नवे पान उघडा. त्याच्या माथ्यावर 'उमेदवारीचे खाते' असे लिहा. अंदाजित जमेचा काही अंश, मग तो शेकडा पाच का असेना, वर्गणी सुरू होण्यापूर्वीच त्या खाती वर्ग करा, म्हणजे नवव्या दिवशी फुलवाल्याच्या बाकीपायी तो कोणास दिसणार नाही. त्यातून गल्लीतल्याच पोरांना काम द्या आणि कामाचे दाम द्या : एक संध्याकाळ जिवंत गाण्या-वाजवण्याची, ज्यात शिकणारे आधी आणि शिकविणारे मागून बसतील, पेटीवाल्याला, तबलजीला, हलगीवाल्याला बिदागी, तीही तबकातून न देता सही घेऊन, मंडपाच्या विजेच्या कामात आयटीआयचा एक मुलगा, आणि छायाचित्रे, निमंत्रणपत्रिका, जेवणावळीचा शिधा यांसाठी एकेक जबाबदार पोर, मुलगा किंवा मुलगी, ज्याच्या नावे तसलमात पडेल आणि ज्याला तिचा हिशेब द्यावा लागेल. त्यांच्या हातून चुका होतील. सनई भलत्या वेळी सुरू होईल, कोणी शिध्यात मीठच विसरेल. आपण उत्सवाच्या ऐन गर्दीत रागावाल. तो राग, मला वाटते, त्याच खाती खर्ची घालावा.

आणि रोजकीर्द दुसऱ्याच्या हाती द्या. हे आपणांस सर्वांत जड जाईल, याची मला जाणीव आहे. मोबाइलवर पैसे येऊ लागल्यापासून नोंदी आपोआप होतात, मग पोराला बसवावयाचे कशाला, असे आपण विचाराल. तर रक्कम कोणी भरली हे यंत्र सांगते, ती कोणत्या खाती जावी हे ठरविण्यासाठी अजून माणूसच बसावा लागतो, आणि तो माणूस कधीतरी सोळा वर्षांचा असावा लागतो.

सोबत माझ्या गल्लीच्या मंडळाच्या खजिनदारांकडे यंदाची वर्गणी रुपये 511 पाठवीत आहे. ती उमेदवारीच्या खाती जमा धरून पावती माझ्या घरी पाठवावी. पावती लिहिणारे पोर शक्य तो सोळा-सतरा वर्षांचे असावे. अक्षर वाईट असले तरी चालेल. पावती आणून देण्यास त्यालाच पाठवावे, आणि घाईत पाठवू नये. मी पहाटे उठलेला असतो.



आपला,
एक निवृत्त लेखापाल,
मिरज